ध्यानाचे ॲप आणि मिटलेले डोळे

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

दार ढकलायचे की ओढायचे, हे दारासमोर उभे राहूनही समजत नसेल, तर दोष माणसाच्या बुद्धीचा नसून दाराच्या घडणीचा असतो. डॉन नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या पुस्तकात हा विचार मांडला आणि पुढे ॲपल कंपनीत काम करीत असताना ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हा शब्दप्रयोग रूढ केला. वस्तू हाती घेतल्यापासून ती खाली ठेवीपर्यंत माणसाला काय वाटते, कोठे अडते, केव्हा कंटाळा येतो, या सर्वांची आगाऊ आखणी म्हणजे यूजर एक्स्पीरियन्स डिझाइन. हा विषय अभियांत्रिकीचा आहे अशी आपल्या कला शाखेत समजूत आहे. वास्तविक त्याचा पाया मानसशास्त्राचा आणि भाषेचा आहे. म्हणजे तो आपलाच आहे.

बँकेचे ॲप असो, रेल्वेच्या तिकिटाचे असो की किराणा मागविण्याचे, या सर्वांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वापरणाऱ्याचे डोळे उघडे आहेत आणि ते स्क्रीनवर आहेत. ध्यानाच्या ॲपमध्ये हे गृहीतच कोसळते. येथे खरे काम डोळे मिटल्यावर सुरू होते. इतर ॲपने माणसाला अर्धा तास धरून ठेवले की त्याचे मालक खूश होतात. ध्यानाच्या ॲपने त्याला अर्धा तास सोडून दिले पाहिजे. तेव्हा असे ॲप किती वेळा उघडले जाते यापेक्षा, उघडल्यावर ते किती लवकर आणि किती पूर्णपणे बाजूला होते, यावरून त्याची परीक्षा व्हावी असे मला वाटते. ही परीक्षा घेऊन पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

ध्वनिमुद्रित आवाजाच्या आधाराने ध्यान करणे ही मोबाइलने आणलेली गोष्ट नव्हे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. त्यातून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घडला आणि घरच्या सरावासाठी रुग्णांना कॅसेटी दिल्या जात. आपल्याकडचे उदाहरण तर नाशिक जिल्ह्यातलेच आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तरी दहा दिवसांच्या शिबिरातील सूचना त्यांच्याच मुद्रित आवाजात दिल्या जातात. शिबिरात शिरताना मोबाइल जमा करावा लागतो. पहाटे चारला घंटा होते. मौन पाळावे लागते. म्हणजे आवाज मुद्रित असला, तरी भोवतालची सारी व्यवस्था माणसांनी राखलेली असते. ॲपने आवाज तेवढा उचलला आणि व्यवस्था मागे राहिली. शिवाय ज्या वस्तूला शिबिराच्या दाराबाहेर ठेवायचे, तीच वस्तू येथे गुरूच्या आसनावर बसलेली आहे!

या क्षेत्रातील दोन नावे सर्वांत ठळक आहेत. ‘हेडस्पेस’ची सुरुवात लंडनमध्ये २०१० साली झाली. त्याचे एक संस्थापक अँडी पुडिकोम पूर्वाश्रमीचे बौद्ध भिक्षू, तर दुसरे रिचर्ड पिअरसन जाहिरातीच्या व्यवसायातून आलेले. आधी ते प्रत्यक्ष कार्यक्रम घेत. ॲप २०१२ साली आले. ‘काम’ हे ॲप (हा इंग्रजी शब्द आहे, शांत या अर्थाचा, मराठीत लिहिताच तो नेमका उलटा होतो) मायकेल ॲक्टन स्मिथ व ॲलेक्स ट्यू यांनी काढले. यातील ट्यू यांची हकीकत मोठी मजेशीर आहे. २००५ साली विद्यार्थिदशेत त्यांनी एक पान तयार करून त्यावरचे दहा लाख ठिपके जाहिरातदारांना एकेका डॉलरला विकले. म्हणजे लोकांची नजर इंचाइंचाने विकली. त्याच गृहस्थांनी २०११ साली दुसरे पान काढले: समुद्रावरचा सूर्यास्त, लाटांचा आवाज आणि उलटे चालणारे दोन मिनिटांचे घड्याळ. दोन मिनिटे काही करू नका, एवढीच सूचना. माउसला किंवा कीबोर्डला हात लागला की ‘नापास’ या अर्थाचा लाल शब्द झळके आणि घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येई.

हे छोटेसे पान मला या संपूर्ण विषयाचे बीज वाटते. हात बाजूला काढायला लावणारी रचना त्यात आहे आणि हात लागलाच तर शून्यावर आणणारी रचनाही आहे. पहिली ध्यानाला पोषक, दुसरी मारक. पुढील सर्व ॲप्समध्ये या दोन प्रवृत्ती एकाच घरात राहणाऱ्या सावत्र भावंडांप्रमाणे नांदताना दिसतात.

आता ॲपच्या दारापासून सुरुवात करू. रात्री दीड वाजता झोप न आलेला, परीक्षेच्या किंवा कर्जाच्या काळजीने पोखरलेला माणूस ॲप उघडतो. त्याच्यासमोर काय यावे? ‘इन्साइट टायमर’ या ॲपमध्ये एक लाखाहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत. ग्रंथालय म्हणून ही श्रीमंती थोर आहे. पण दीड वाजता ती ओझे होते. विल्यम हिक यांनी १९५२ साली दाखवून दिले की पर्याय वाढत जातात तसा निवडीला लागणारा वेळही वाढत जातो. आणि हे प्रयोग दिवे लावून, चिन्हे दाखवून, जाग्या माणसांवर केलेले. थकलेल्या, घाबरलेल्या मनाला निवड म्हणजे आणखी एक काळजी. हेडस्पेसने सुरुवातीच्या काळात नव्या माणसापुढे दहा दिवस रोज दहा मिनिटे अशी एकच सरळ वाट ठेवली होती. आज दुसरा दिवस आहे, हे बटण दाबा, झाले. बरोबर लहान चलच्चित्रेही असत. त्यांपैकी एकात विचार म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी आणि आपण रस्त्याकडेला बसलेलो, असे दाखविले होते. मोटारी थांबवायच्या नाहीत, त्यांच्यामागे धावायचेही नाही. ध्यान म्हणजे विचार बंद करणे, या गैरसमजामुळे पहिल्याच दिवशी कित्येक जण ‘मला हे जमत नाही’ म्हणून उठतात. त्या गैरसमजावर इतका स्वस्त आणि नेमका उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

डोळे मिटले की स्क्रीन संपते आणि सारी भिस्त कानावर येते. येथे रचनाकाराची खरी कसोटी लागते, आणि नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो. कारण रंग आणि चित्रे बैठकीत दाखविता येतात, शांतता दाखविता येत नाही. सूचना देणारा आवाज थांबला आणि मिनिटभर काहीच ऐकू आले नाही, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येते? प्रथम समाधान, मग शंका: ध्यान चालू आहे, की इंटरनेट गेले? की बॅटरी संपली? शंका आली की डोळा उघडतो आणि डोळा उघडला की सारे मुसळ केरात. त्यामुळे शांततेलाही काठ असावे लागतात. इन्साइट टायमरमध्ये मधूनमधून घंटा लावण्याची सोय आहे ती याचसाठी. गोएंकांच्या तासाच्या बैठकीत शेवटची काही मिनिटे उरली की त्यांचे गायन सुरू होते. घड्याळ न पाहता साधकाला कळते की आता किनारा जवळ आला. शेवटच्या घंटेचेही असेच. गजराप्रमाणे एकदम आदळणारा आवाज आणि काशाच्या भांड्याप्रमाणे उमटून हळूहळू विरणारा आवाज, दोन्ही सांगतात एकच गोष्ट. पण पहिला माणसाला बाहेर ढकलतो आणि दुसरा त्याला बाहेर येऊ देतो.

अशा रचनेची तपासणी कशी करावी, हाही एक गमतीदार पेच आहे. रूढ पद्धत अशी की माणसाला वस्तू वापरायला द्यावी आणि मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगावे. ही मोठ्याने विचार करण्याची पद्धत क्लेटन लुइस यांनी १९८२ च्या सुमारास आयबीएममध्ये काम करताना संगणकाच्या क्षेत्रात आणली आणि ती अजून उत्तम चालते. पण ध्यानाला बसलेल्या माणसाला मोठ्याने विचार करायला सांगितले, तर तपासायची वस्तूच नाहीशी होते. मग उरते काय? बैठक संपल्यावर निवांत विचारणे, आणि दुरून पाहणे: डोळे किती वेळा उघडले, हात मोबाइलकडे केव्हा गेला. आपल्या विभागात प्रात्यक्षिकासाठी विषय शोधणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा; त्याला उपकरणे लागत नाहीत, केवळ चिकाटी लागते.

बैठक संपते. आता जो पहिला पडदा समोर येतो, त्याविषयी मला थोडे सविस्तर आणि काहीसे वैयक्तिक लिहावयाचे आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना मी असेच एक ॲप वापरीत होतो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण हा प्रकार एकट्या त्याचा नाही. वसतिगृहात रात्री झोप लागत नसे. ॲपने ती लागू लागली, हे कृतज्ञतेने नमूद करतो. बैठक संपली की त्यात एक ज्योत आणि आकडा दिसे: सलग नऊ दिवस, सलग सतरा दिवस. सलग दिवसांच्या या साखळीला स्ट्रीक म्हणतात. हळूहळू माझी नजर श्वासावरून आकड्यावर कधी गेली ते मला कळलेच नाही. काही रात्री तर नुसते ॲप चालू करून मी नोट्स उतरवीत बसे, कारण साखळी राहिली पाहिजे! एकेचाळिसाव्या दिवशी आजोबा गेल्याचा फोन आला. पाटण तालुक्यातील आमच्या गावी डोंगराआड धड रेंज येत नाही. तिसऱ्या दिवशी पंपापाशी उभे असताना रेंज आली आणि पहिला निरोप आला तो साखळी तुटल्याचा, पुन्हा शून्यापासून सुरुवात करा असे सुचविणारा. मला वाईट वाटले. सुतकाच्या घरातून बाहेर पडलेल्या माणसाला एका आकड्याविषयी वाईट वाटावे, याची लाज त्याहून अधिक वाटली. गावाहून परतल्यावर मी ते ॲप काढून टाकले. मात्र त्याबरोबर ध्यानही सुटले आणि पुढचे चार महिने झोपेचे पुन्हा हाल झाले.

येथे कोणी म्हणेल की मोजणे आपल्या परंपरेतही आहेच. अगदी खरे आहे. लक्ष जपाचे संकल्प होतात. समर्थ रामदासांनी टाकळीला तेरा कोटी जप केला असे परंपरा सांगते. माझी आजी रोज माळ ओढते. एकशे आठ मणी, आणि मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून मागे वळायचे. तेव्हा मोजण्यावर माझा आक्षेप नाही. परंतु त्या वस्तूची घडण पाहा. माळ बोटांना कळते, डोळ्यांना लागत नाही. आजी ती गोमुखीत हात घालून ओढते, त्यामुळे किती झाले हे शेजारच्याला दिसत नाही आणि तिलाही दिसत नाही. मेरुमणी आला की एक फेरी पुरी होते, हरत काहीच नाही. एखादे दिवशी माळ राहिली तर ती खुंटीवर गप्प राहते. दुपारी तीन वाजता हाक मारून ‘तुझी आठवण येते’ म्हणत नाही. कोणत्या अज्ञात रचनाकाराने ही गोमुखी शिवली असेल, त्याला मानसशास्त्र चांगले कळत होते असे म्हणावयास हरकत नाही.

मग ॲपवाल्यांनी ज्योत का पेटविली? त्यांची बाजूही मांडली पाहिजे. अमित बाउमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ध्यानाची ॲप्सही होती. ॲप घेतलेल्यांपैकी तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे प्रमाण, मध्यगा घेतली तर, ३.३ टक्के निघाले. शंभरातले सत्त्याण्णव महिन्याच्या आत गळतात. ज्या सरावाचा गुण काही आठवड्यांनी दिसू लागतो, तो सराव महिनाभरही टिकणार नसेल, तर उत्तम आवाज आणि उत्तम घंटा काय कामाची? स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी २००९ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे कृती घडण्यासाठी इच्छा, सोपेपणा आणि खूण या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जमाव्या लागतात. आठवण करून देणे हे म्हणूनच पाप नव्हे. आईसुद्धा संध्याकाळी ‘दिवा लावलास का’ म्हणून विचारतेच.

प्रश्न उरतो तो आठवण कशी द्यावी आणि मोजदाद कशी ठेवावी याचा. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मार्क वायझर व जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ साली ‘निवांत तंत्रज्ञान’ अशी कल्पना मांडली. त्यांनी दिलेले उदाहरण नटाली जेरेमिजेंको या कलावतीने केलेल्या रचनेचे होते: छतातल्या लहान मोटारीला लोंबणारी आठ फुटी प्लास्टिकची दोरी, संगणकांच्या जाळ्याला जोडलेली. जाळ्यावर वर्दळ असली की दोरी गरगरे, नसली की मधूनच हले. ज्याला हवे त्याने मान वर करून पाहावे. दोरी कोणाला हाक मारीत नसे. ध्यानाच्या ॲपची आठवण या दोरीसारखी का असू नये? माणसाने स्वतः ठरविलेल्या वेळी, एकदाच, आवाजाशिवाय. आणि साखळीऐवजी ‘या महिन्यात १९ दिवस’ असा आकडा ठेवला तर एक दिवस चुकल्याने १९ चे शून्य होत नाही, फार तर २० व्हायचे राहतात. गणित तेच, पण एकात चुकलेला दिवस सारे पुसून टाकतो आणि दुसऱ्यात तो नुसता रिकामा राहतो. बैठकीनंतरच्या पडद्यावर तर आकडा नकोच. जो माणूस नुकताच शांत होऊन डोळे उघडीत आहे, त्याला त्या क्षणी प्रगतिपुस्तक दाखविणे म्हणजे देवळातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती लगेच पावती ठेवण्यासारखे आहे.

पैशाच्या बाजूविषयी थोडक्यातच लिहितो. सात दिवस फुकट म्हणून बँकेचा तपशील घ्यायचा आणि आठव्या दिवसापासून वर्षाची वर्गणी कापायची, वर्गणी बंद करण्याचे बटण मात्र चार दारांआड ठेवायचे, हा प्रकार सर्वच क्षेत्रांत बोकाळला आहे. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली अशा रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत अशा तेरा प्रकारांची यादी असून वर्गणीचा सापळा हा त्यांपैकी एक आहे. मन शांत करण्याचे ॲप आणि त्यात सापळा, यावर वेगळे भाष्य काय करावे!

भाषेविषयी मात्र मराठीच्या विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलावेसे वाटतात. ध्यानाच्या ॲपमध्ये भाषा हीच वस्तू आहे. पण इंग्रजी सूचनांचे शब्दशः मराठी केले की काय होते? ‘आपल्या श्वासाची नोंद घ्या’ म्हटले की तलाठ्याचे दप्तर डोळ्यांसमोर येते. ‘डोळे बंद करा’ हे समजते, पण बंद दुकान करतात, नळ करतात, डोळे मिटतात. ‘डोळे मिटा’ म्हणून पाहा, पापण्या आपोआप खाली येतात. मग संबोधनाचा प्रश्न. ‘तू’ म्हणावे तर वडीलधारे दुखावतात. शिवाय ‘थकलास’ म्हटले की मुली वगळल्या जातात आणि ‘थकलीस’ म्हटले की मुलगे. ‘थकवा आला असेल’ म्हटले की दोन्ही अडचणी टळतात. इंग्रजीत नसलेली एक मोठी सोय मात्र आपल्याकडे आहे. ‘आता आपण श्वासाकडे पाहू’ या वाक्यातील ‘आपण’ बोलणाऱ्यालाही बरोबर बसवितो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद इंग्रजीतल्या एकाच सर्वनामाला करता येत नाही. आपल्याला तो फुकट मिळालेला आहे.

हे सारे मला पुस्तकातून कळले असे नाही. आजोबांच्या मागे आजीला रात्री झोप येईना. तिला ॲप देणे शक्य नव्हते, म्हणून मी माझ्याच आवाजात बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून तिच्या मोबाइलवर पाठविले आणि ते कसे लावायचे हे चुलतभावाला दाखवायला सांगितले. शेवटी एक छानशी घंटाही जोडली होती. आठ दिवसांनी फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, “घंटा काढ बाबा, दचकायला होतं. आणि तू मधेच गप्प होतोस ना, मला वाटतं फोन बंद पडला. मग मी उठून बघते.”

माझ्या टिपणात शांततेला काठ असावेत हे वाक्य तेव्हा आधीच लिहिलेले होते. ध्वनिमुद्रण करताना मात्र ते आठवले नाही. घंटा काढली. शांततेच्या आधी एक वाक्य घातले: “आता मी थोडा वेळ बोलणार नाही आजी, पण इथेच आहे.” त्यानंतर ती उठून बघत नाही असे चुलतभाऊ सांगतो. शेवटपर्यंत ऐकते की मध्येच झोपते, हे तिलाही सांगता येत नाही.